सत्तावीस नंबरचा रिकामा बॉक्स

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवीन ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तुम्ही पण डॉक्टर का?" इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या आसपास राहणाऱ्या आमच्या पिढीच्या मराठी घरांत एक तरी डॉक्टर सापडतोच. आमच्याही घरात होता, पण तो मी नव्हे, माझा नवरा. मी सांगायची, "नाही हो, मी कचऱ्यात आहे." समोरचा माणूस हातातल्या प्लेटकडे बघायचा आणि मग हवापाण्याविषयी बोलायला लागायचा. आमच्या डॉक्टरांना याचा फार संकोच. घरी येताना गाडीत म्हणायचे, "एन्व्हायर्नमेंटमध्ये आहे असं सांगत जा ना." मी कधी सांगितलं नाही. कचऱ्यात होते तर कचऱ्यात होते.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची ती वर्षं. तोवर आमच्या गावात सगळा कचरा एकाच काळ्या बिनमध्ये जायचा आणि तिथून जमिनीतल्या मोठ्या खड्ड्यात. मग कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, घरोघरी एकेक हिरवा प्लास्टिकचा बॉक्स वाटला. काचेच्या आणि प्लास्टिकच्या बाटल्या, पत्र्याचे डबे आणि वर्तमानपत्रं त्यात टाकायची आणि पंधरवड्यातून एकदा सकाळी फुटपाथवर ठेवायची. हे लोकांच्या गळी उतरवायला दोन माणसं नेमली, त्यातली एक मी. मुलं युनिव्हर्सिटीत गेली होती, घरात बसून मला कंटाळा यायचा, आणि लोकांना चार गोष्टी सुनावण्याचा पगार मिळतोय म्हटल्यावर मी आनंदाने गेले. कौन्सिलचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच आहेत आणि माझी पेन्शनही तिथूनच येते.

काम सोपं होतं. लॉरी यायच्या आधी, सकाळी सातला, पिवळं चमकणारं जॅकेट घालून आणि हातात क्लिपबोर्ड घेऊन एकेक रस्ता चालायचा. ज्या घरासमोर बॉक्स दिसेल त्या नंबरापुढे बरोबरची खूण. सलग तीन फेऱ्यांत एकदा जरी बॉक्स दिसला तर ते घर भाग घेणारं. तिन्ही वेळा दिसला नाही तर भाग न घेणारं. फॉर्ममध्ये या दोन्हींच्या मधलं काही नव्हतं. भाग न घेणाऱ्यांचं दार वाजवायचं, कुणी भेटलं नाही तर पत्र पाठवायचं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक भेटली. एका घराने बॉक्स कांदे-बटाटे ठेवायला घेतला होता. हवा खेळती राहते म्हणून माझे आभारही मानले त्यांनी. दुसऱ्या एकीने त्यात बाळाला अंघोळ घालायचा प्रयत्न केला आणि खाली भोकं का ठेवली म्हणून कौन्सिलला फोन केला. चॅपलला नेमाने जाणाऱ्या, दारूच्या थेंबालाही न शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची तक्रार होती की त्यांच्या बॉक्समध्ये दर पंधरवड्याला कुणीतरी वाइनच्या बाटल्या आणून ठेवतं. शेजारच्या निवृत्त हेडमिस्ट्रेस बाईंचा बॉक्स तेवढाच संशयास्पद स्वच्छ असायचा. मी कुणाला काही बोलले नाही. बाईंना फक्त एवढंच सुचवलं की सुपरमार्केटच्या कार पार्कात बाटल्यांची मोठी टाकी आहे आणि तिथे कुणी नाव विचारत नाही. त्यानंतर मला दर ख्रिसमसला त्यांचं कार्ड यायचं. त्याच टाकीपाशी आपल्याकडची एक सूनबाईही दिसायची, सासूसासरे पुण्याहून आलेले असले की.

कीथ नावाचा एक निवृत्त बस ड्रायव्हर होता. त्याचं म्हणणं, अख्ख्या जगाचा धूर एकीकडे आणि माझा एक डबा एकीकडे, त्याने काय फरक पडणार? हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारायचं. बाकीच्यांना मी पत्रक द्यायची, कीथला आमच्या कचरा डेपोत घेऊन गेले. तिथे नुकतीच एक लॉरी रिकामी केली होती आणि मुकादम मान हलवत उभा होता. कुणीतरी बाटल्यांच्या खाली बाळाच्या घाण लंगोटांची पिशवी दडपली होती, ती लॉरीत फुटली आणि चार रस्त्यांचा धुतलेला, वेगळा केलेला माल खड्ड्यात पुरायला गेला. मी कीथला म्हटलं, "एका माणसाने एवढ्यांची मेहनत मातीत घातली. मग एका माणसाने काय होतं असं कसं म्हणायचं?" पुढच्या खेपेला त्याचा बॉक्स बाहेर होता, डबे धुतलेले, झाकणं आत दाबून बसवलेली. मी असल्या विजयांवर आठवडा आठवडा खूश असायची.

असं सगळं चाललेलं असताना आमचा मॅनेजर ग्रॅहम एकदा म्हणाला की आपलं पत्र फार गुळमुळीत आहे, कुणी मनावर घेत नाही. नवीन मसुदा मी लिहायला घेतला. माझ्या इंग्रजीचा तेव्हा मला फार अभिमान होता. पहिल्या परिच्छेदात विनंती, दुसऱ्यात पृथ्वीची काळजी, आणि तिसऱ्यात मी लिहिलं की तुमच्या पत्त्याची नोंद घेण्यात आली आहे आणि बदल न दिसल्यास कौन्सिल पुढील कारवाईचा विचार करू शकेल. ग्रॅहमने विचारलं, "पुढील कारवाई म्हणजे आपण नक्की काय करणार आहोत?" मी म्हटलं, काही नाही, पण हे त्यांना कुठे माहीत आहे! तो हसला आणि त्याने पत्र मंजूर केलं. खाली नाव कुणाचंच नव्हतं, नुसतं खात्याचं. वर 'घरातील रहिवासी यांस'.

स्टेशनच्या पलीकडच्या एका रस्त्यावर सत्तावीस नंबरचं घर होतं. तिथे बॉक्स कधीच बाहेर नसायचा. दोनदा दार वाजवलं, कुणी उघडलं नाही. पायरीवर दूधवाल्यासाठी काचेच्या दोन रिकाम्या बाटल्या लख्ख धुऊन ठेवलेल्या असायच्या. काळा बिन बाहेर असला तर लॉरीवाला तो एका हाताने उचलायचा, इतका हलका. हे सगळं मी डोळ्यांनी बघत होते, पण फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता, म्हणून मला ते दिसलं नाही. सत्तावीस नंबरला मी पहिलं पत्र पाठवलं, मग दुसरं.

दुसऱ्या पत्रानंतर चमत्कार झाला. बॉक्स बाहेर आला आणि नुसता आला नाही, काठोकाठ भरून आला. मग दर खेपेला तसाच. महिन्याच्या मीटिंगमध्ये मी सत्तावीस नंबरचा दाखला दिला, बघा, पत्र चोख असलं की काम होतं. ग्रॅहमने माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

पण आमच्या धंद्यात डोळ्याला एक सवय लागते. कचऱ्यावरून घर कळतं. सत्तावीस नंबरच्या बॉक्समध्ये दर वेळी तेच तीन पदार्थ असायचे, बेक्ड बीन्सचे डबे, संत्र्याच्या रसाच्या बाटल्या आणि वर्तमानपत्रं. जॅमची बरणी नाही, शाम्पूची बाटली नाही, लोणच्याची नाही. वर्तमानपत्रं तर बस स्टॉपवर फुकट मिळतात ती, एकाच तारखेच्या सहा-सहा प्रती आणि एकही उघडलेली नाही. वाचलेल्या पेपरची घडी कधी सरळ बसत नाही. मी तर्क केला की इथे कुणीतरी घरातून गुपचूप खानावळ चालवतंय. तो कचरा व्यापारी, त्याचे नियम वेगळे. मी हुशारीने एका दुपारी जाऊन दार वाजवलं.

दारात पायपुसणं होतं. जुन्या साडीच्या चिंध्यांची वेणी घालून, ती गोल गुंडाळून शिवलेलं. माझ्या आईच्या हातचं असावं तसं. मी त्याच्याकडे बघत असतानाच दार उघडलं. सत्तरीच्या, बारीक चणीच्या एक बाई, पातळावर स्वेटर, पायात लोकरी मोजे. त्यांनी माझं जॅकेट पाहिलं, त्यावरचं कौन्सिलचं चिन्ह पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आय ॲम गिव्हिंग," त्या म्हणाल्या. "एव्हरी टाइम, गिव्हिंग."

मी म्हटलं, "काकू, मी मराठीच आहे." त्याने त्यांना धीर येईल असं मला वाटलं होतं. आला नाही. मराठी असले तरी जॅकेट कौन्सिलचंच होतं.

तरी घरात घेतलं, पाणी दिलं. काकू नागपूरच्या. यजमान गेल्यावर एकुलता एक मुलगा त्यांना इकडे घेऊन आला होता. मुलगा आणि सून दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, सकाळी जाऊन संध्याकाळी येणारे. काकूंचा इथे कायम राहण्याचा अर्ज होम ऑफिसात, म्हणजे व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्यात, गेलेला होता आणि त्यासोबत पासपोर्टही. उत्तर यायचं होतं. नागपुरातलं घर विकून टाकलेलं, त्यामुळे परत जायचं म्हटलं तर जायचं कुठे हा प्रश्नच होता. दारावरची टकटक ऐकून त्या घाबरायच्या आणि गप्प बसून राहायच्या, हेही तेव्हा कळलं.

मी बोलता बोलता स्वयंपाकघर बघत होते. नोकरीची खोड. कचऱ्याचा डबा असायला हवा त्या जागी झाडाची कुंडी होती. दूध काचेच्या बाटलीतलं. भाजी मंडईतून कापडी पिशवीत यायची, आणि पिशवी तांदळाच्या पोत्याची शिवलेली. दोडक्याच्या शिरांची चटणी, फ्लॉवरच्या दांड्यांची भाजी. ज्याचं काहीच करता येत नाही ते मागच्या अंगणातल्या खड्ड्यात, त्यावर माती. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. कढीपत्ता इंग्लंडात माझ्याकडे दोनदा मेला होता, त्यांच्याकडे हातभर वाढला होता. आईस्क्रीमचा डबा एकदा घरात आला की त्याची डाळ, साखर, मग खिळे अशी बढती होत जायची. आम्ही पत्रकातून लोकांना जे शिकवत होतो त्याच्या कितीतरी पुढे या बाई न शिकवता पोचलेल्या होत्या. आणि त्यात पुण्य करतोय असंही त्यांना वाटत नव्हतं, घर असंच चालवतात एवढंच माहीत होतं.

मग बीन्सचे डबे आले कुठून, हे मला विचारावंच लागलं.

काकूंनी कपाटातून प्लास्टिकचं एक फोल्डर काढलं. त्यात होम ऑफिसची पोच होती, पासपोर्टची झेरॉक्स होती, आणि त्यांच्याच मध्ये माझी दोन्ही पत्रं आणि आमचं रंगीत पत्रक. पत्रकावर तीन चित्रं होती. बीन्सचा डबा, संत्र्याच्या रसाची बाटली, वर्तमानपत्र. कुणा चित्रकाराने सहज काढलेली. काकूंनी ते पत्रक दुकानात नेलं होतं आणि बोट दाखवून नेमकं तेच मागितलं होतं.

"आमच्या घरात हे निघतच नाही ना," त्या म्हणाल्या. "आणि इथे तर लिहून राहिले की पत्त्याची नोंद केली. मुलाला नाही सांगितलं मी. त्याच्या डोक्याला कशाला ताप? म्हटलं, सरकारला डबा पाहिजे, तर देऊ डबा."

मी विचारलं, "पण काकू, डब्यातल्या बीन्सचं काय करता?"

"खाते."

"सगळ्या?"

"अन्न आहे, बाई. टाकू कसं?"

मुलगा आणि सून ते गोडमिट्ट प्रकरण तोंडात घेत नसत, शिवाय त्यांना कळायला नको होतं. म्हणून काकू रोज दुपारी एकट्या बसून एक डबा संपवायच्या. आधी फोडणी देऊन, गोडा मसाला घालून उसळ करून बघितली, ती काही जमली नाही, मग नुसत्याच. वर पेलाभर रस. डबा रिकामा आणि धुतलेला हवा असं पत्रात होतं, म्हणून तो घासून पुसून बॉक्समध्ये. काकूंना मधुमेह होता. दोन महिन्यांत साखर इतकी वाढली होती की त्यांच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि सून बिचारी घरातला भात बंद करून बसली होती. वाढतेय कशाने ते फक्त काकूंना माहीत होतं.

तिथे बसून मी हिशेब लावत होते की ज्या घरातून काही निघत नव्हतं त्या घरातून मी कचरा काढून दाखवला, आणि त्यासाठी टाळ्या घेतल्या. गप्प राहता आलं असतं. पत्रावर माझं नाव नव्हतं.

"काकू," मी म्हटलं, "हे पत्र मी लिहिलंय."

त्यांनी पत्राची घडी सारखी केली. मग म्हणाल्या, "इंग्रजी चांगलं आहे तुमचं."

त्यात टोमणा होता की नाही हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी त्यांना परोपरीने सांगितलं की त्या तिसऱ्या परिच्छेदाला काही अर्थ नाही, कौन्सिलचा आणि होम ऑफिसचा काही संबंध नाही, बीन्स बंद करा, रस तर आजपासून बंद करा. त्या ऐकत होत्या, पण चेहऱ्यावरून कळत होतं की पटत नाहीये. शेवटी म्हणाल्या, "ते कागदावर आहे. तुम्ही तोंडाने बोलून राहिल्या. मला लिहून द्या."

त्यांचं बरोबर होतं. मी ऑफिसात जाऊन ग्रॅहमला सगळं सांगितलं. तो भला माणूस, ऐकून त्याने डोकं धरलं. पण पत्र द्यायला तयार होईना. एकाला सूट दिली तर उद्या सगळा रस्ता मागेल, आणि आकडा वर पाठवायचा आहे, फॉर्म आपण बनवलेला नाही, वगैरे. मी म्हटलं, मग पुढच्या मीटिंगमध्ये मी उभी राहून सत्तावीस नंबरची खरी गोष्ट सांगते, टाळ्या परत देते. तो म्हणाला, सांगू नकोस. मी सांगितली. खोलीतलं कुणी हसलं नाही. ग्रॅहमने त्याच दुपारी माझ्या टेबलावर कौन्सिलचा छापील कागद आणून ठेवला आणि म्हणाला, "लिही, मी सही करतो. या वेळी सोपं इंग्रजी लिही."

मी चार ओळी लिहिल्या. या घरात कचरा जवळजवळ होतच नाही हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. त्यांनी बॉक्स बाहेर ठेवण्याची गरज नाही. आधीच्या पत्रांबद्दल आम्ही दिलगीर आहोत. या पत्त्याविरुद्ध कोणतीही नोंद नाही. तिसरा परिच्छेद तर मी सगळ्याच पत्रांतून काढून टाकला. फॉर्मवर मात्र नवीन रकाना आला नाही. मी निवृत्त होईपर्यंत सत्तावीस नंबर आमच्या दप्तरी भाग न घेणारंच राहिलं, आणि माझ्या रस्त्याचा आकडा त्यांच्यामुळे थोडा कमी दिसायचा. काकूंचा अर्ज पुढे काही महिन्यांनी मंजूर झाला हेही सांगून टाकते, वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला नको. साखरही उतरली. सुनेला खरं कारण कधी सांगितलं की नाही, मी विचारलं नाही.

पण ते नंतरचं. पत्र मी स्वतः नेऊन दिलं. काकूंनी चष्मा लावला, एकेका शब्दाखाली बोट धरून चारही ओळी वाचल्या, सही खरी शाईची आहे का ते बोट फिरवून पाहिलं आणि कागद फोल्डरमध्ये पासपोर्टच्या झेरॉक्सवर ठेवला. फडताळात बीन्सचे तीन डबे उरले होते. ते मी घेऊन जाते म्हटलं तेव्हा पहिल्यांदा त्या मोकळ्या झाल्या. चहा टाकला. मग समोर बसून, शेजारणीची चौकशी करावी तशा सहज, म्हणाल्या, "तुमच्याकडे किती डबे निघतात हो?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं. आम्ही घरात दोघंच. तरी डब्यातले चणे, डब्यातले टोमॅटो, पाण्याच्या बाटल्या, आमच्या डॉक्टरांची वाइन, सोम ते रवि पेपर, रविवारच्या पुरवण्या, या सगळ्याने आमचा बॉक्स इतका भरायचा की मी कौन्सिलकडून दुसरा मागून घेतला होता, आणि मंडळात मी ते अभिमानाने सांगायची.

"दोन बॉक्स भरतात," मी म्हटलं.

काकूंनी मान हलवली.

"मग तुम्हाला येत नाही पत्र?"

"नाही, काकू," मी म्हटलं. "आम्हाला शाबासकी मिळते."